तग धरणे, मूळ धरणे

१९९६ च्या जुलैमध्ये मी मऊ अगार (जीवाणू वाढवण्याची जेलीसारखी बैठक) भरलेल्या बारा छोट्या बाटल्यांमध्ये सुईने ई. कोलाय या आतड्यातील जीवाणूचे कल्चर, म्हणजे वाढवलेले जीवाणू, टोचले, झाकणे घट्ट पिळून त्यांवर मेणाचा थर दिला आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून त्या बाटल्या प्रयोगशाळेच्या लाकडी कपाटात ठेवून दिल्या. सांगली जिल्ह्यातील आमच्या महाविद्यालयात मी तेव्हा नुकतीच शिकवू लागले होते. उणे ऐंशी अंशांचा फ्रीझर आमच्याकडे असण्याचा प्रश्नच नव्हता, आणि कल्चर वर्षानुवर्षे जपण्याची ही स्टॅबची, म्हणजे टोचून ठेवण्याची, पद्धत स्वस्त व खात्रीची होती. पुढे प्रयोगशाळा दुसऱ्या इमारतीत गेली, कपाट आमच्याबरोबर आले आणि खोके कपाटातच राहिले. २०१९ मध्ये एका विद्यार्थिनीच्या प्रकल्पासाठी आम्ही ते उघडले, तेव्हा बारापैकी नऊ बाटल्यांतील जीवाणू जिवंत निघाले. तेवीस वर्षे त्यांना कोणी खाऊ घातले नव्हते.

त्यांचे जिवंत असणे मला अनपेक्षित नव्हते, कारण स्टॅबमधील ई. कोलाय दशकानुदशके तग धरतो हे ठाऊक होते. मी थबकले ती त्यानंतरच्या प्लेटपाशी. प्रत्येक बाटलीतील कल्चर अगारच्या प्लेटवर रेघा ओढून पसरवून आम्ही त्या प्लेट रात्रभर ३७ अंशांवर ठेवल्या, नंतर एक रात्र फ्रिजमध्ये ठेवल्या आणि मग त्यांवर आयोडीनचे द्रावण ओतले. ज्या कॉलनीतील, म्हणजे एका पेशीपासून वाढलेल्या ठिपक्यातील, जीवाणूंनी ग्लायकोजेन या राखीव अन्नाचा साठा केलेला असतो ती कॉलनी आयोडीनने गडद तपकिरी होते. १९९६ च्या माझ्या नोंदवहीत याच चाचणीपुढे ‘सर्व तपकिरी’ असे लिहिलेले होते. आता मात्र एकाच प्लेटवर तपकिरी कॉलन्यांच्या शेजारी फिकट पिवळ्या कॉलन्या होत्या, आणि त्या थोड्याथोडक्या नव्हत्या. दुसरा कोणी जीवाणू आत शिरला असावा, असे वाटून आम्ही ओळखीच्या सगळ्या चाचण्या पुन्हा केल्या. मॅकॉन्की नावाच्या माध्यमावर दोन्ही गुलाबी आले आणि इंडोल चाचणीच्या नळीत दोघांनीही लाल कडे दाखवले. फरक दिसला तो हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकल्यावर, कारण तपकिरी कॉलनी जोराने फसफसली आणि पिवळी जेमतेम. एकाच टोचणीतून वाढलेल्या एकाच वंशाच्या दोन शाखा अंधाऱ्या कपाटात वेगवेगळ्या वाटांनी गेल्या होत्या.

या लक्षणांवरून संशय जातो तो आरपीओ-एस नावाच्या जनुकावर. १९९१ साली जर्मनीत रेगिने हेंगे-आरोनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या जनुकापासून बनणारे प्रथिन उपासमारीच्या काळातील कारभार सांभाळते, असे दाखवून दिले. ते प्रथिन म्हणजे सिग्मा-एस. जीवाणूच्या पेशीत जनुके वाचणारे यंत्र एकाच प्रकारचे असते, पण वाचन कोठून सुरू करायचे हे त्याला सिग्मा प्रथिने सांगतात. पोथी वाचणारा एकच आणि अध्याय काढून देणारे निरनिराळे, अशी ही व्यवस्था आहे. अन्न भरपूर असते तेव्हा नेहमीचा सिग्मा वाढीचे अध्याय काढतो. अन्न संपत आले, क्षार वाढले, आम्ल वाढले किंवा थंडी पडली की सिग्मा-एस पुढे येतो आणि ई. कोलायच्या सुमारे एकदशांश जनुकांवर त्याचा प्रभाव पडतो. पेशी आखूड व गोलसर होते, डीएनए एका संरक्षक प्रथिनात घट्ट बांधला जातो, ट्रेहॅलोज ही साखर साठते, पेरॉक्साइड फोडणारे कॅटालेज तयार होते. वाढ जवळजवळ थांबते.

मला या सगळ्यात सर्वांत विलक्षण वाटते ती एक लहानशी गोष्ट. सुखाने वाढणाऱ्या पेशीतही सिग्मा-एस बनत असतो, पण एक प्रथिन त्याला पकडून तोडणाऱ्या यंत्राच्या हवाली करते आणि त्याचे अर्धायुष्य दीड-दोन मिनिटांपलीकडे जात नाही. म्हणजे पेशी संकटाची तयारी सतत करते आणि ती तयारी सतत मोडूनही टाकते. संकट येताच मोडणे थांबते आणि सिग्मा-एस पाहता पाहता साठतो. विद्यार्थ्यांना हे सांगताना नेहमी कोणीतरी विचारते, की एवढी नासधूस कशासाठी. गरज पडल्यावर मुळापासून बनवायला घेण्याइतका वेळ संकट देत नाही, हे उत्तर मी देते आणि ते बरोबर आहे. तरी त्या नासाडीचा खर्च कोण भरते हा प्रश्न शिल्लक राहतोच, आणि माझ्या प्लेटवरच्या पिवळ्या कॉलन्या त्याच प्रश्नाचे उत्तर होत्या.

मराठीत आपण तग धरणे म्हणतो आणि मूळ धरणेही म्हणतो. धरणे दोन्हीकडे आहे म्हणून मी बरीच वर्षे ही दोन कामे एकाच स्वभावाची मानत आले. जो जीवाणू प्रतिकूल परिस्थितीत टिकतो तोच आतड्यात वस्ती करण्यात पुढे असणार, हे मी वर्गात जणू सांगण्याचीही गरज नसल्यासारखे सांगितले आहे. ते तसे नाही हे मला उशिरा कळले, आणि ज्या पिढ्यांना मी ते शिकवले त्यांची आठवण हा लेख लिहिताना होते आहे.

आधी तग धरण्याविषयी लिहिते, कारण त्याचा अनुभव घरातच आला. माझे वडील निवृत्त पोस्टमास्तर, वय ऐंशीच्या पुढे. नऊ वर्षे रोज सकाळी उपाशीपोटी ते पित्ताची गोळी घेत होते. घरातील एका साखरपुड्यानंतर आम्ही सर्वांनी तेच जेवण जेवलो आणि जुलाब-उलट्यांनी चार दिवस अंथरूण धरले ते फक्त बाबांनी. डॉक्टरांनी पहिला प्रश्न जेवणाविषयी केला आणि दुसरा, गोळी किती वर्षे चालू आहे, असा. बाबांना दुसऱ्या प्रश्नाचा संबंध कळला नाही, मला मात्र तो ऐकताक्षणी कळला आणि इतकी वर्षे हा विषय शिकवूनही तो आधी का सुचला नाही याचे वाईट वाटले. जठरातील आम्ल अन्न पचवते तसे दारही राखते. उपाशी जठराचा सामू (पीएच) दीड ते अडीचच्या आसपास असतो आणि तोंडावाटे आलेल्या बहुतेक जीवाणूंचा तेथेच निकाल लागतो. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्यांमध्ये साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर यांसारख्या जीवाणूंचे आजार अधिक आढळतात, ते यामुळेच. (आपल्या बोलण्यात जठरातील आम्लालाही पित्त म्हणतात आणि यकृतातून येणाऱ्या रसालाही पित्तच म्हणतात. जीवाणूच्या वाटेवर ही दोन्ही पित्ते एकामागून एक येतात, म्हणून पुढे मी पहिल्याला आम्ल आणि दुसऱ्याला पित्तरस म्हणते.)

हे दार ई. कोलाय कसे ओलांडतो याचे प्रॅक्टिकल मी दर वर्षी घेते. अडीच सामूच्या द्रवात एकीकडे नुकतेच जोमाने वाढू लागलेले कल्चर टाकायचे आणि दुसरीकडे रात्रभर वाढून अन्न संपल्यामुळे थांबलेले, मग दोन तासांनी दोन्ही प्लेटवर पसरायची. जोमात असलेल्यांपैकी जवळजवळ कोणी उरत नाही. उपाशी राहिलेल्यांच्या कॉलन्या मात्र मोजाव्या लागतात. भुकेने शिकवलेले आम्लात उपयोगी पडते, कारण दोन्हीकडे कारभारी सिग्मा-एस असतो. त्याच्या हाताखालील एक यंत्रणा पेशीत शिरलेला प्रोटॉन ग्लुटामेटच्या रेणूवर खर्च करून गाबा नावाचा रेणू बनवते, तो बाहेर टाकते आणि त्या बदल्यात नवा ग्लुटामेट आत घेते. बुडणाऱ्या नावेतून पाणी उपसावे तसे हे काम अखंड चालते. पेशीच्या दोन आवरणांमधील पोकळीत एचडीई-ए नावाचे आणखी एक लहान प्रथिन असते. एरवी ते जोडीने, घडी घातलेल्या अवस्थेत निष्क्रिय पडून असते. तीव्र आम्लात त्याची जोडी फुटते, घडी अंशतः उलगडते आणि त्या उलगडलेल्या रूपातच ते इतर प्रथिनांना चिकटून त्यांचा गोळा होऊ देत नाही. इतर प्रथिने आकार हरवल्यावर निकामी होतात, तर हे प्रथिन आकार सैल झाल्यावरच कामाला लागते.

दार ओलांडण्याच्या या क्षमतेवर रोगाचे गणित किती अवलंबून असते, ते दोन आकडे शेजारी ठेवले की दिसते. रक्ती आव घडवणारा शिगेला हा ई. कोलायचा अगदी जवळचा नातलग आहे आणि आम्लाला तितकाच निबर आहे. त्याचे १० ते १०० जीवाणू पोटात गेले तरी माणूस आजारी पडू शकतो. कॉलऱ्याचा जीवाणू आम्लापुढे हळवा आहे. १९७०च्या दशकात अमेरिकेत स्वयंसेवकांवर झालेल्या प्रयोगांत नुसत्या पाण्यातून दिल्यास १०० अब्जांच्या घरात जीवाणू लागले, पण सोडा पाजून जठरातील आम्ल मारल्यावर १० हजार ते १० लाख पुरेसे झाले. बाबांच्या गोळीने वेगळे काय केले होते?

येथपर्यंतची गोष्ट सरळ आहे आणि मीही ती येथपर्यंतच सांगत असे. पण दार ओलांडून आत आलेल्या जीवाणूला मोठ्या आतड्यात रिकामे घर मिळत नाही. तेथे ऑक्सिजनशिवाय जगणाऱ्या जीवाणूंची दाट वस्ती असते आणि तीत ई. कोलायचा वाटा शेकड्यात एकाहूनही कमी असतो. आतड्याच्या अस्तरावरील श्लेष्मातून सुटणाऱ्या साखरांचे कण जो आधी उचलेल त्याचे बस्तान बसते, आणि जो सावकाश वाढेल तो आतड्यातील प्रवाहाबरोबर बाहेर वाहून जातो. अशा जागी वाढ आवरून धरणारा सिग्मा-एस मदत करील की आड येईल?

२००० साली प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांनी याची दोन उलट उत्तरे दिली. कारेन क्रोगफेल्ट आणि सहकाऱ्यांनी स्ट्रेप्टोमायसिन हे प्रतिजैविक पाजलेल्या उंदरांना ई. कोलायचा मूळ वाण आणि आरपीओ-एस बिघडलेला वाण एकत्र दिले, तेव्हा मोठ्या आतड्यात बिघडलेला वाण वरचढ ठरला. त्याच वर्षी ओ१५७ या रोगकारक ई. कोलायवरील दुसऱ्या अभ्यासात, हे जनुक नसलेला वाण उंदरांच्या आणि वासरांच्या विष्ठेतून कमी प्रमाणात बाहेर पडला. मी हे दोन निष्कर्ष वर्गात प्रथम मांडले तेव्हा मुलांनी त्यांतील खरे कोणते, असे विचारले, आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. आज मला दोन्ही खरे वाटतात. स्ट्रेप्टोमायसिनने आतड्यातील कित्येक जुने रहिवासी हटवलेले असतात आणि पाजलेले जीवाणू संख्येने अफाट असतात, त्यामुळे तेथे परीक्षा होते ती मुख्यतः झटपट वाढण्याची. जठराचे आम्ल आणि पुढचा सगळा प्रवास झेलत शेवटपर्यंत पोचायचे असेल, तर परीक्षा टिकण्याची होते. एका प्रयोगाने वस्तीचा एक टप्पा मोजला आणि दुसऱ्याने दुसरा, असे माझे मत आहे.

या ताणाला शब्द दिले ते ऑस्ट्रेलियातील टॉम फेरेंची यांनी. स्वतःला जपणे आणि अन्न मिळवण्याची ताकद राखणे या दोहोंत जीवाणूला सतत तडजोड करावी लागते, असे त्यांनी मांडले. कारण अगदी पेशीच्या आतले आहे. जनुके वाचणाऱ्या यंत्रांची संख्या मर्यादित असते आणि दोन्ही सिग्मा त्यांच्यासाठी झगडतात, म्हणून सिग्मा-एसकडे जितकी यंत्रे जातील तितकी वाढीच्या आणि अन्न आत घेण्याच्या जनुकांकडून कमी होतात. ग्लुकोज थेंबाथेंबाने मिळणाऱ्या पात्रात ई. कोलाय वाढवत ठेवला, तर आरपीओ-एस बिघडलेले वाण थोड्याच काळात पात्र व्यापतात. पेशीच्या भिंतीतही हेच घडते. बाहेरच्या आवरणातील छिद्रांमधून साखर आत येते आणि त्यांतूनच पित्तरसाचे क्षारही येतात. छिद्रे कमी केली की पित्तरस बाहेर राहतो आणि अन्नही बाहेर राहते. जीवाणूविरहित वाढवलेल्या उंदरांच्या आतड्यात एकच ई. कोलाय सोडल्यावर या छिद्रांवर नियंत्रण ठेवणाऱ्या जनुकांत बदल झालेले वाण थोड्याच दिवसांत दिसू लागतात, आणि पित्तरस जेथे दाट तेथे एकाला, जेथे विरळ तेथे दुसऱ्याला वाव मिळतो, असे २०११ मधील एका फ्रेंच अभ्यासात मांडले गेले. पाच-सहा मीटर लांबीच्या आपल्या आतड्यात, एका टोकाला शहाणपणाचा ठरणारा निर्णय दुसऱ्या टोकाला तोट्याचा ठरतो.

कपाटातील बाटल्यांचे कोडे मात्र यानेही पूर्ण सुटत नव्हते, कारण तेथे भरपूर अन्न नव्हतेच, तेथे उपासमार होती. उपासमारीचा कारभारी उपासमारीतच का बिघडावा? रॉबर्टो कोल्टर यांच्या प्रयोगशाळेने १९९३ मध्येच याचे उत्तर शोधले होते. जुने उपाशी कल्चर ताज्या उपाशी कल्चरमध्ये मिसळले, तर जुन्यातील काही वाण ताज्यांना हटवून पुढे वाढतात, आणि त्यांच्यात आरपीओ-एस दुबळे झालेले आढळले. बाटलीत बहुतेक जीवाणू मरतात आणि त्यांच्या शरीरांतून अमिनो आम्ले सुटतात. पुरता मिटून बसलेला जीवाणू ते तुकडे हाताशी असूनही घेत नाही, ज्याचा बंदोबस्त थोडा ढिला झालेला असतो तो ते उचलतो आणि हळूहळू वाढतो. माझ्या पिवळ्या कॉलन्या तेवीस वर्षे आपल्याच भाऊबंदांच्या अवशेषांवर जगल्या होत्या, असे मी समजते.

जगभरच्या प्रयोगशाळांत हे कित्येकदा घडून गेले आहे आणि पुष्कळदा ते कोणाच्या लक्षातही आले नाही. साल्मोनेलाचा एलटी-२ हा वाण अनुवंशशास्त्रज्ञांनी अनेक दशके वापरला. उंदरांत तो फारसा रोगकारक का ठरत नाही याचे एक कारण १९९७ मध्ये समजले, ते म्हणजे त्याच्या आरपीओ-एसच्या पहिल्याच अक्षरात बदल झालेला होता. टायफॉइडची तोंडाने घ्यायची टीवाय-२१-ए ही जिवंत लस १९७५ मध्ये तयार झाली, तेव्हा ती दुसऱ्या एका जनुकातील बदलामुळे निरुपद्रवी आहे असे मानले गेले. तिच्यातील आरपीओ-एसही निकामी आहे, हे १९९५ मध्ये उघड झाले. ही लस आम्लात न विरघळणाऱ्या वेष्टणाच्या कॅप्सूलमधून दिली जाई. ज्या जीवाणूला स्वतःचे चिलखत नाही त्याला आपण बाहेरून एक चिलखत चढवत होतो आणि आतड्यापर्यंत पोचवून देत होतो, आणि त्याच्या या असहायतेचा आपल्याला उपयोग होत होता. ई. कोलायचा प्रयोगशाळेतील के-१२ हा वाण तर १९२२ मध्ये माणसाच्या विष्ठेतूनच वेगळा केलेला. १९७५ मध्ये काही स्वयंसेवकांनी तो पिऊन पाहिला, तेव्हा तो थोड्याच दिवसांत दिसेनासा झाला. काचेच्या भांड्यात अर्धे शतक काढल्यावर, ज्या जागेतून तो आला होता तेथे त्याला मूळ धरता आले नाही.

कॉलऱ्याने मला याच्याही पुढची एक गोष्ट शिकवली. त्याच्या जीवाणूतही आरपीओ-एस आहे, आणि वस्ती करण्यासाठी ते लागते का, यावर १९९८ व २००० मधील दोन अभ्यासांचे एकमत झाले नाही. २००६ मध्ये गॅरी स्कूलनिक यांच्या गटाने वेगळीकडे पाहिले. त्यांनी वापरलेली सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्ही बाजूंनी बांधून घेण्याची पद्धत कलकत्त्यातील शंभुनाथ डे यांनी १९५३ मध्ये रूढ केली होती, आणि तिच्याच जोरावर डे यांनी १९५९ मध्ये कॉलऱ्याचे विष सिद्ध केले. स्कूलनिक यांच्या प्रयोगात कॉलऱ्याचे जीवाणू आतड्याच्या अस्तराला चिकटले, तेथे वाढले, आणि काही तासांनी अस्तर सोडून पोकळीतील द्रवात आले. आरपीओ-एस नसलेले जीवाणू अस्तराला चिकटूनच राहिले. ताणाला तोंड देणारे हे जनुक येथे धरलेले सोडण्याच्या कामी येत होते. पुढचा मुक्काम बाहेरच्या पाण्यात आहे, तेथे अन्न तुटपुंजे आहे, आणि त्याची तयारी आतड्यात असतानाच सुरू होते.

हे वाचल्यानंतर मला आमच्या गावाच्या वेशीबाहेरचे मरीआईचे देऊळ आठवत राहिले. पटकीची साथ यात्रेकरूंबरोबर चालते हे एकोणिसाव्या शतकात पंढरीच्या वाटेवरील गावांनी सोसून जाणले होते, आणि म्हणून देवीला वेशीवरच थांबवून, नैवेद्य दाखवून, पुढे जा म्हणून विनवले जाई. आलेली देवी मुक्काम हलवते, हे निरीक्षण त्यांच्या दुःखातून आलेले होते आणि ते चुकीचे नव्हते. ती मुक्काम कशी हलवते याचा एक धागा त्या सशाच्या आतड्यात सापडला.

बाबा आता बरे आहेत. डॉक्टरांनी त्यांची गोळी टप्प्याटप्प्याने कमी केली आहे, आणि रात्रीचे जेवण ते सूर्य मावळायच्या आत उरकतात.

प्रकल्प संपला त्या दिवशी माझ्या विद्यार्थिनीने दोन नव्या बाटल्या तयार केल्या, कारण दोन्ही प्रकारच्या कॉलन्या वेगळ्या जपून ठेवायच्या होत्या. आता आमच्याकडे फ्रीझर आहे, तरी स्टॅब करू, असे मीच म्हटले होते. तिने झाकणांवर पट्ट्या चिकटवल्या आणि सुबक अक्षरात एकीवर ‘मूळ’ आणि दुसरीवर ‘बिघडलेला’ असे लिहिले. मी दुसरी पट्टी काढायला सांगितली. मग काय लिहू, असे तिने विचारले. पिवळा असे लिही, मी म्हटले, आणि खाली आजची तारीख घाल.